गच्चीवरचं सोलर, सव्वा वर्षानंतर: पॅनलला चार स्टार, बसवणाऱ्याला दोन, आणि मधे एक कडुलिंब

आधीच सांगते, लांबलंय. ज्यांना फक्त 'घ्यावं का नको' एवढंच पाहिजे त्यांनी पुढचा एक पॅरा वाचून सोडून द्या, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

सोलापुरात आमचं जुनं घर, खाली तीन खोल्या वर दोन आणि त्याच्यावर गच्ची. फेब्रुवारी २०२५ मधे ३.३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ५५० वॅटची सहा पॅनल, ऑनग्रिड (म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला, ग्रिडला जोडलेलं), नेट मीटरवालं (दिलेली आणि घेतलेली वीज वजा करणारं), बॅटरी नाही. कोटेशन १,९८,००० चं होतं, त्यात उंच स्ट्रक्चरचे २४ हजार वाढले आणि आणखी सात हजार कशाचे ते पुढं सांगते. पीएम सूर्यघर योजनेतनं ७८ हजार सबसिडी खात्यावर आली (पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, त्याच्यापुढं कितीही बसवा एवढीच). म्हणजे आमच्या खिशातनं १,५१,००० गेले. आधी बिल एरवी दोन-सव्वादोन हजार आणि उन्हाळ्यात साडेचार-पाच हजार यायचं, आता बहुतेक महिन्यांत नुसता स्थिर आकार आणि त्याचं शेपूट येतं. मी अकाउंट्सचं काम करते, त्यामुळं एक्सेल केलेलं आहेच, पावणेपाच वर्षांत पैसे वसूल. घ्यावं का? स्वतःची गच्ची असेल आणि तिच्यावर सावली नसेल तर डोळे झाकून घ्या. सावली असेल तर पुढं वाचा.

आता बसवणारा. नाव लिहिणार नाही, विचारूही नका, मेसेजमधेसुद्धा सांगणार नाही. माणूस बोलायला गोड, ब्रोशर चकचकीत, त्याच्यावर हिरवं पान आणि 'शाश्वत विकासाकडे एक पाऊल'. पहिल्या दिवशी गच्चीवर आला, फोनमधे होकायंत्र काढलं, इकडं तिकडं बघितलं आणि पहिलं वाक्य काय, "मॅडम, ते झाड तेवढं काढून टाका, पाच मिनटाचं काम आहे, माझ्याकडं माणूस आहे."

ते झाड म्हणजे आमच्या अंगणातला कडुलिंब. माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेला, ते गिरणीत कामाला होते तेव्हाचा, म्हणजे पंचावन्न वर्षं तरी झाली. घराच्या पश्चिमेला आहे आणि दुपारी तीन-सव्वातीनला त्याची सावली गच्चीच्या कडेला चढायला लागते.

सावलीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारण कोटेशन देताना हे कुणी सांगत नाही. पॅनल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात, त्याला स्ट्रिंग म्हणतात. त्यातल्या एका पॅनलवर सावली पडली की फक्त त्या एकाचंच नुकसान होतं असं नाही, त्याच्यामागं सगळी माळ ढेपाळते. पॅनलमधे बायपास डायोड असतात ते थोडं सांभाळून घेतात, पण थोडंच. त्यामुळं बसवणाऱ्याला झाड म्हणजे शत्रू वाटतं हे मला कळतं. पण शहरात झाड तोडायचं तर महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे, परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षच धरलंय. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला "तेवढं कोण बघतंय". इथंच त्याचा पहिला स्टार गेला.

आमच्या अण्णांनी (सासरे) तर त्याला चहासुद्धा विचारला नाही. नंतर ब्रोशर हातात घेऊन म्हणाले, "शाश्वत? शाश्वत फक्त पंढरपूरला विटेवर उभा आहे तेवढाच."

तरी मी एक्सेलमधे दोन्ही बाजू मांडल्या, भावना बाजूला ठेवून. कडुलिंबामुळं रोजचं साधारण एक युनिट जातं, वर्षाचे ३६५. उलट बाजूला, वरची बेडरूम पश्चिमेची आहे, कडुलिंबाची सावली त्या भिंतीवर असते म्हणून आम्ही उन्हाळ्यात एसी रात्री नऊला लावतो. दोन घरं सोडून एकांनी त्यांचं झाड पार्किंगसाठी काढलं, त्यांचा एसी पाच-सहाला चालू होतो. दीड टनाचा एसी तासाला सव्वा युनिट धरा, तीन तास जास्तीचे, चार महिने, की चारशेच्या पुढं युनिटं होतात. म्हणजे झाड ठेवलं काय आणि काढलं काय, विजेचा हिशोब जवळपास बरोबरीत. एक्सेलनं हात वर केले. मग बाकीच्या गोष्टी मोजायच्या की नाही हा प्रश्न उरला, पोपट, खाली बसणारा भाजीवाला, पाडव्याचा पाला, आणि अण्णांचं तोंड.

शेवटी नणंदेचा मुलगा कामी आला, इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला. त्यानं सांगितलं की ज्या दोन पॅनलवर सावली येते तेवढ्यांनाच ऑप्टिमायझर लावून घ्या, छोटी डबी असते पॅनलच्या मागं, मग ती दोन पॅनल आपापलं बघतात आणि बाकीच्यांना खाली ओढत नाहीत. हेच ते सात हजार. आणि कडुलिंबाच्या गच्चीवर झुकलेल्या दोन फांद्या, त्याही परवानगी काढून छाटल्या. आता एक युनिट जायचं ते अर्ध्यावर आलंय. बसवणाऱ्याला ऑप्टिमायझर माहीत होता का? माहीत होता! "कस्टमर जास्तीचे पैसे देत नाही म्हणून सांगत नाही" म्हणाला. झाड तोडायचं मात्र फुकटात सांगत होता.

आणि सगळ्यात मोठी गंमत तर पुढं आहे. सोलरचं एक ॲप येतं, त्यात रोज किती युनिट झाली ते दिसतं, आणि खाली एक हिरवं झाडाचं चित्र येतं, 'तुम्ही आजवर इतकी झाडं लावल्यासारखं आहे'. आमचा आकडा आता दीडशेच्या वर आहे. दीडशे झाडं मी लावली म्हणे. एक खरं होतं ते पाच मिनटात जाणार होतं.

त्याच सुमारास मुलीला शाळेत प्रोजेक्ट आला, नववीला आहे ती, विषय 'शाश्वत विकास'. चार्टपेपरवर सतरा रंगीत चौकोन काढायचे आणि व्याख्या लिहायची. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मधे ठरवलेली ती सतरा उद्दिष्टं. तिनं रंगवता रंगवता विचारलं, आई आपलं सोलर कुठल्या चौकोनात लिहू? सातव्यात म्हणलं, स्वच्छ ऊर्जा. आणि कडुलिंब? तो पंधराव्यात, जमिनीवरचं जीवन. पॅनल धुवायचं पाणी? ते सहाव्यात. मग ती म्हणाली की हे चौकोन शेजारीशेजारी काढलेत पण ते भांडतायत की एकमेकांशी. मी म्हणलं हेच लिही, तर "बाईंना चालणार नाही, त्यांनी व्याख्या पाठ करायला सांगितलीय".

व्याख्या सगळ्यांना पाठ असतेच. १९८७ ला संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगानं केलेली, त्याच्या अध्यक्ष ब्रुंटलंड बाई नॉर्वेच्या पंतप्रधान होत्या. आजच्या पिढीच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता आल्या पाहिजेत. पण त्याला लागूनच पुढं जे आहे ते कुणी चार्टवर लिहीत नाही, मी मुलीच्या प्रोजेक्टसाठी शोधलं तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं. तिथं म्हणलंय की गरजा म्हणजे खास करून जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना सगळ्यात वरचा मान द्यायचा.

हे वाचून मला आमच्या मावशी आठवल्या, स्वयंपाकाला येतात त्या. सोलर बसत होतं तेव्हा त्यांनी वर येऊन बघितलं आणि विचारलं, "आमच्या पत्र्यावर बसतंय का वो ताई?" त्या भाड्याच्या खोलीत राहतात, वर पत्रा, मीटर मालकाच्या नावावर, आणि मालक आत सबमीटर लावून स्वतःच्या मनानं दर घेतो. एका पंख्याला आणि एका बल्बला त्या युनिटमागं जे देतात ते मी एसी लावून कधी दिलं नसेल. सबसिडी ज्याच्या नावावर मीटर आणि ज्याच्या मालकीचं छत त्याला. म्हणजे मला. मे महिन्यात सगळ्यात जास्त तापणारं छत मात्र त्यांचं. त्यांना काय उत्तर द्यायचं सुचलं नाही, "बघू" म्हणलं.

बरं, रिव्ह्यू. कामाच्या गोष्टी सांगते, कारण लोक युट्यूब बघून यातल्या निम्म्या गोष्टींबद्दल चुकीच्या समजुती करून घेतात.

पहिली म्हणजे सोलापूर म्हणजे ऊन, ऊन म्हणजे भरपूर वीज, तर मे मधे मीटर धावेल. नाही. पॅनलला उजेड पाहिजे, तापणं नको. पॅनलचं रेटिंग पंचवीस डिग्रीला केलेलं असतं आणि त्याच्यावर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घसरतं. मे मधे पॅनलचा पत्रा हात लावला तर चटका बसतो. आमचे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चमधे आले, चौदा युनिटच्या पुढं. जुलै-ऑगस्टमधे सहा-सातवर पण आलंय. वर्षाची सरासरी दिवसाला बाराच्या आसपास धरा.

दुसरी म्हणजे लाइट गेली की सोलर पण जातं. हो! मागच्या मे मधे भर दुपारी दीडला लाइट गेली, डोक्यावर सव्वातीन किलोवॅटचं सोलर आणि घरात पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. ऑनग्रिड इन्व्हर्टर ग्रिड बंद झाली की आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. कारण बरोबर आहे, पण ही गोष्ट बसवण्याआधी सांगायची असते, बसवल्यावर नाही. दुसरा स्टार इथं गेला.

तिसरी, नेट मीटर म्हणजे आपण आपली वीज साठवतोय असं काहीजणांना वाटतं. साठवत काही नाही, दुपारची ग्रिडला देतो आणि रात्री ग्रिडकडनं घेतो, आणि रात्रीची बहुतेक कोळशाचीच असते. कागदावर वजाबाकी होते एवढंच. ३१ मार्चला जी युनिटं उरतात त्यांचा जो दर मिळतो तो बघून हसू येतं, त्यामुळं गरजेपेक्षा मोठं बसवू नका. आमच्या अण्णांना पाच किलोवॅट पाहिजे होतं, "बसवायचंच आहे तर दांडगं बसवा".

एक कबुली पण देऊन टाकते. आधी आम्ही वर्षाला ३४५० च्या आसपास युनिटं वापरत होतो. सोलर आल्यावर पहिल्या वर्षाचा हिशोब केला तर ४१००. एसी दुपारी पण लागायला लागला, इंडक्शन आला, गीझर चालू राहिला तरी कुणी ओरडत नाही, "सोलरच आहे की". ॲप झाडं मोजतंय, आणि आम्ही खाली साडेसहाशे युनिटं जास्तीची जाळतोय. सगळ्यात आधी मीच, दुसऱ्या कुणाला बोलत नाहीये.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर माझ्या माहेरी चला, मंगळवेढ्याकडं. भावानं सौर पंप घेतला, 'मागेल त्याला' योजनेतनं, दहा टक्के स्वतःचे आणि बाकी अनुदान. आधी शेतीला वीज रात्रीची यायची, अंधारात साप-विंचवात जाऊन मोटर चालू करायची, ते सगळं गेलं, त्याबद्दल तो कितीही हात जोडायला तयार आहे आणि खरंच जोडले पाहिजेत. पण आता पंप सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालतो, कारण बंद कशाला करायचा, बिलच नाही. शेजाऱ्याचाही चालतो. त्याच्या शेजाऱ्याचाही. विहिरी सगळ्यांच्या एकाच पाण्यावर. आधी वीज नव्हती म्हणून पाणी टिकत होतं, आता वीज टिकाऊ झाली तर पाणी पळतंय. भाऊ म्हणतो की ठिबक केलंय ना मी, आणि ठिबक केल्यावर आणखी एक एकर डाळिंब वाढवलंय.

परत गच्चीवर. पाण्याचं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि सोलरवाला म्हणतो पंधरा दिवसांनी पॅनल धुवा, धूळ बसली की उत्पादन कमी होतं (होतं, खरंय, मी धुवायच्या आधीचे-नंतरचे आकडे बघितलेत). सहा पॅनलला दोन-अडीच बादल्या लागतात. पहिल्यांदा बोअरच्या पाण्यानं धुतलं तर वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग, धुळीपेक्षा वाईट. कुणीतरी सांगितलं की आरओचं वाया जाणारं पाणी वापरा, पर्यावरणपूरक! ते अजिबात वापरू नका, त्यात क्षार बोअरपेक्षा जास्त असतात, गाळून उरलेलंच असतं ते. शेवटी उपाय सापडला, एसीच्या पाइपमधनं जे पाणी टपकतं ते. हवेतलं असल्यामुळं क्षार नाहीत, बादली लावून ठेवते, काच लख्ख निघते. म्हणजे पॅनल स्वच्छ ठेवायला एसी चालवायचा, आणि एसी चालवायला पॅनल. हसू नका.

पाण्यावरनं आणखी एक. सोलापूरजवळच १३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे, त्याला उजनीचं पाणी जातं, आणि आम्ही पितो तेही उजनीचंच. अशा नव्या केंद्रांना युनिटमागं तीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मर्यादा आहे. म्हणजे माझी बारा युनिटं जर तिथली वाचवत असतील तर दिवसाला पस्तीस लिटर पाणी वाचलं, धुण्याच्या पाण्याच्या कितीतरी पट. हे मी सासूबाईंना फार उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपल्या टाकीत कधी येणार ते?"

सासूबाईंची वेगळीच केस आहे. गच्ची ही त्यांची फॅक्टरी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कुरड्या, सांडगे, पापड, वर्षाची हळद-मिरची, आणि त्यांच्या बहिणीसुद्धा आपापल्या परातींसकट येतात. सोलरवाल्यानं साध्या स्ट्रक्चरचं ड्रॉइंग काढलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तीन किलोवॅटला तीनशे स्क्वेअर फूट गेलेच समजा. सासूबाईंनी बघितलं आणि त्यांनी एकच विचारलं, "मी वाळवायचं कुठं?" म्हणून आठ फुटी उंच स्ट्रक्चर, चोवीस हजार जादा. आता खाली फिरता येतं, रात्री झोपता येतं, दुपारी छान सावली असते. आणि कुरडईला सावली चालत नाही! हे कुणाच्या, म्हणजे माझ्याच, लक्षात आलं नव्हतं. शेवटी पूर्वेची दहा फुटाची पट्टी मोकळी सोडली, ती सासूबाईंच्या मालकीची. तिथं कुणी वायरचा तुकडा टाकला तरी खपत नाही.

आणि उंच स्ट्रक्चरचा दुसरा प्रताप. उत्तरेच्या बाजूला मास्तर राहतात, रिटायर्ड, त्यांच्या गच्चीवर बारा वर्षांपासून सोलरचा पाणी तापवायचा हीटर. फेब्रुवारीत बसवलं तेव्हा सगळं ठीक. डिसेंबर आला, सूर्य दक्षिणेला कलला, सकाळी आमच्या पॅनलची सावली बरोबर मास्तरांच्या हीटरवर. मास्तर एक दिवस सकाळी अंगावर शाल घेऊन दारात उभे. "ताई, तुमच्या पर्यावरणानं माझी आंघोळ थंड केली बघा." रागावले नव्हते पण चेष्टाही नव्हती. मग कोपऱ्यातली दोन पॅनल तीन फूट दक्षिणेला सरकवली, त्याचे साडेतीन हजार आम्हीच दिले. बसवणाऱ्यानं खरं तर तिन्ही ऋतूंची सावली बघून जागा ठरवायला पाहिजे होती, त्याचं तेच तर काम.

त्याच्या बाकीच्या भानगडी थोडक्यात. अर्थिंगचे खड्डे तीन पाहिजेत तर दोन काढले, तिसरा मागं लागल्यावर काढला. केबलसाठी स्लॅबला भोक पाडलं ते नीट बुजवलं नाही, जूनच्या पहिल्या पावसात जिन्यात ओल. वीजबिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर होतं हे त्यानं सगळी कागदपत्रं घेऊनही बघितलं नाही, त्यामुळं आधी नाव बदलून घेण्यात महिना गेला (ही चूक आमचीपण, माणूस जाऊन वीस वर्षं झाली). आणि आम्ही फेब्रुवारीत घेतलं, सप्टेंबरमधे सोलरवरचा जीएसटी बारावरनं पाच टक्के झाला, याला मात्र त्याचा काही दोष नाही, आमचं नशीब. जमेची बाजू म्हणजे माणसं कामाला चांगली होती, वेल्डिंग मजबूत आहे, मे मधल्या वादळात शेजारचे पत्रे उडाले पण आमचं स्ट्रक्चर हललं नाही. म्हणून दोन स्टार, नाहीतर एकच देणार होते.

आता थोडं विषयांतर, पण अण्णांनी लिही म्हणून सांगितलंय. अण्णांचं गाव नान्नजकडं. तिथं १९७९ ला माळढोकासाठी अभयारण्य झालं, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटर. लोकांची शेतं, गावं, सगळं त्यात. जमीन विकायची तर अडचण, कारखाना काढायचा तर अडचण. अण्णा सांगतात की लहानपणी माळावर माळढोक चरताना दिसायचे, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही, आणि अभयारण्य झाल्यावर तोच पक्षी लोकांच्या शिव्यांचा धनी झाला. नंतर क्षेत्र कमी करून १२२२ वर आणलं. लोक सुटले. पक्षी मात्र उरला नाही, आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

याचा सोलरशी काय संबंध, तर आहे. देशात उरलेत ते बहुतेक राजस्थानात, दीडशेच्या आत, आणि तिथंच देशातले मोठमोठे सोलर पार्क. माळढोक अंगानं जड, त्याला समोरचं नीट दिसत नाही, उडताना सोलरची वीज वाहून नेणाऱ्या तारांवर आपटतो. सुप्रीम कोर्टानं २०२१ ला सांगितलं की तारा जमिनीखालनं न्या, साधारण ९९ हजार चौरस किलोमीटरमधे. सरकार म्हणालं की हे शक्य नाही, हवामानबदलाची आपली वचनं आहेत. मार्च २०२४ ला कोर्टानं तो आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे असंही म्हणलं. दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच, बघा. म्हणजे एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला काळा अशी ती केस नव्हतीच. अण्णांचं मत एका वाक्यात, "पक्ष्याला वकील मिळाला पण माळ नाही मिळाला."

मला त्या केसमधे आमची गच्चीच दिसते, फक्त मोठी. कडुलिंब, कुरड्या, मास्तरांची आंघोळ, माझं बिल, मावशींचा पत्रा, प्रत्येकाचं बरोबर आहे आणि जागा तेवढीच. बसवणाऱ्यावर माझा राग ओल आली म्हणून कमी आहे आणि यासाठी जास्त आहे, की त्यानं पान छापलं आणि सांगितलं की यात कुणाचंच काही जात नाही. जातं. कुणाचं किती जाणार ते आधी बोलून घ्यायला पाहिजे होतं, आम्ही ते पॅनल वर चढल्यावर बोललो म्हणून साडेदहा हजार जास्त गेले, ऑप्टिमायझर आणि सरकवायचे मिळून.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी हे आवर्जून करा. डिसेंबरमधली सावली बघा, नुसती उन्हाळ्यातली नको. पॅनलची गॅरंटी पंचवीस वर्षं म्हणतात पण इन्व्हर्टरची निम्मीसुद्धा नसते, मधे एकदा तरी तो बदलायचा खर्च धरा. सबसिडी पाहिजे तर पॅनल भारतात बनलेल्या सेलचीच लागतात, बिलावर डीसीआर लिहिलंय का ते बघा. आणि पंचवीस वर्षांनी ही काचेची दारं टाकायची कुठं ते विचारा. आमच्यावाल्यानं सांगितलं "भंगारवाला नेतो". नियम बघितला तर सोलर पॅनल ई-कचऱ्यात धरलंय, २०२२ च्या नियमांत, आणि सध्या कंपन्यांनी तो कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा आहे. म्हणजे पुढचं पुढं. पंचवीस वर्षांनी माझी मुलगी चाळिशीला आलेली असेल आणि ही सहा पॅनल जिन्यातनं खाली उतरवायचं काम तिच्याकडं येईल. व्याख्येतली ती 'पुढची पिढी' म्हणजे घरचीच निघाली.

गेल्या आठवड्यात बसवणाऱ्याचा फोन आला होता. पाच स्टार द्या म्हणाला, आणि नव्या ब्रोशरसाठी आमच्या गच्चीचा फोटो पाहिजे. पाडवा नुकताच होऊन गेलेला, कडुलिंब पांढऱ्या फुलांनी भरलेला, पॅनलवर रोज सकाळी फुलांचा सडा पडतो, झाडून काढला नाही तर अर्धं युनिट जातं. मी फोटो काढून पाठवला. पाच मिनटात मेसेज आला, "मॅडम छान आहे, फक्त झाड येणार नाही अशा अँगलनं एक काढता का?"

तोच फोटो परत पाठवलाय.